आजोबांच्या तिकीट नंबरावर नातवाचे घर : गिरणगावातील तीन पिढ्यांचा हिशेब

लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, प्रभादेवी, नायगाव, शिवडी आणि भायखळा या मध्य मुंबईच्या पट्ट्याला गिरणगाव म्हणतात. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा या पट्ट्यातील कापड गिरण्यांत सुमारे अडीच लाख कामगार काम करत होते. या कामगारांनी, त्यांच्या मुलांनी आणि आता त्यांच्या नातवंडांनी घर कसे मिळवले किंवा कसे गमावले, हे एकत्र ठेवून पाहिले तर मुंबईतील घराची ऐपत पिढीगणिक कशी बदलत गेली याचे एक पूर्ण प्रकरण हाती लागते. नातवंडांची पिढी आजोबांपेक्षा जास्त शिकलेली आहे आणि तिचा पगारही चांगला आहे. तरीही तिला याच भागात घर मिळेल की नाही हे पगारावरून ठरत नाही. आजोबा कोणत्या चाळीत राहत होते, त्यांनी खोली टिकवली की विकली आणि त्यांच्या नावाचे गिरणीचे कागद घरात शिल्लक आहेत का, यावरून ते ठरते.

पहिल्या पिढीने घर विकत घेतले नव्हते, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण घरोघरी होणाऱ्या वादात ‘आजोबांनी गिरणीच्या पगारात मुंबईत घर केले’ असे सर्रास म्हटले जाते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेला तरुण आधी गावकीच्या खोलीत उतरत असे. एका खोलीत वीस-पंचवीस गाववाले पाळीपाळीने झोपत, जेवण खाणावळीत होई आणि बायकामुले गावीच राहत. नोकरी कायम झाल्यावर, बहुधा बदली कामगार म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजापुरते काम मिळेल या आशेने, काही वर्षे गिरणीच्या दारात हजेरी लावून झाल्यावर, तो स्वतःची खोली भाड्याने घेई. ती खोली म्हणजे दहा बाय बाराची एक जागा, तिच्यातच मोरी आणि वर पोटमाळा, तर संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. सरकारने १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटमार्फत बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची होती, आणि सहा-आठ माणसांचा संसार तिच्यात होत असे. त्या राहणीमानाला स्वस्ताई म्हणताना थोडे थांबावे असे मला वाटते.

या पिढीला खरे बळ मिळाले ते कायद्यामुळे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. महागाई वाढली, पगार वाढला, पण भाडे तेथेच राहिले, आणि काही वर्षांत खोलीचे भाडे कामगाराच्या खर्चातली किरकोळ बाब होऊन बसले. दुसरा परिणाम हळूहळू दिसला. मालकाला भाड्यात काहीच सुटत नसल्याने त्याने डागडुजी सोडून दिली, इमारती मोडकळीस आल्या आणि १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर बसवून वेगळे मंडळ नेमावे लागले. तिसरा परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जात असल्याने, आणि पागडी, म्हणजे भाडेहक्कासाठीची एकरकमी रक्कम, देऊन-घेऊन खोल्यांचे हस्तांतर होत असल्याने, ज्या वस्तूवर कामगाराची मालकी नव्हती ती वस्तू प्रत्यक्षात त्याची मालमत्ता बनली. पागडीचा हा व्यवहार १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वैधही ठरवला. आजोबांच्या पिढीने पैसे साठवून काही विकत घेतले नाही. तिच्या हाती एक हक्क आला, आणि त्या हक्काची किंमत पुढे काय होणार आहे हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या पिढीचे घर

संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण हजारो कामगारांना परत घेतले गेले नाही, आणि पुढच्या दोन दशकांत बहुतेक गिरण्या बंद पडल्या. घरात पगार येणे थांबले तेव्हा विकण्याजोगे दोनच ऐवज होते, बायकोचे दागिने आणि खोलीचा भाडेहक्क. पुष्कळ कुटुंबांनी खोली पागडीने दिली आणि ती गावी परतली किंवा डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार येथे गेली. उपनगरांच्याही पलीकडे तेव्हा चार मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या ‘ओनरशिप’ इमारती उभ्या राहत होत्या. ज्यांच्या घरातील मुलगा बेस्टमध्ये, महापालिकेत, रेल्वेत किंवा बँकेत लागला होता त्यांनाच गिरणगावातील खोली राखून शिवाय बाहेर एक घर घेणे जमले.

या पिढीचे घर स्वस्त होते असे म्हणताना तिने ते कसे उभे केले हेही सांगायला हवे. गृहकर्ज देणारी पहिली मोठी खासगी संस्था, एचडीएफसी, १९७७ साली स्थापन झाली. त्याआधी सामान्य नोकरदाराला घरासाठी कर्ज मिळण्याचे मार्ग म्हणजे नोकरीच्या ठिकाणाहून मिळणारे कर्ज, भविष्य निर्वाह निधीतील उचल, आयुर्विमा पॉलिसीवरील कर्ज, पतपेढी आणि नातेवाईक. पुढे कर्ज मिळू लागले तरी १९९०च्या दशकाच्या मध्यावर व्याजाचा दर १४-१५ टक्क्यांच्या घरात होता. १५ टक्के दराने पंधरा वर्षांसाठी घेतलेल्या एक लाख रुपयांच्या कर्जाला दरमहा सुमारे १,४०० रुपये हप्ता पडतो. आता साडेआठ टक्के दर धरला तर तेवढ्याच मुदतीला तो ९८५ रुपये पडतो. म्हणजे बापाच्या पिढीला पैसा महाग होता आणि घर स्वस्त होते, तर मुलाच्या पिढीला पैसा स्वस्त आहे आणि घर महाग.

ही दोन्ही ओझी सारखीच आहेत असे मात्र समजू नये. महाग व्याजाचा भार हप्त्यावर पडतो. हप्ता पगाराबरोबर हलका होत जातो आणि व्याजदर उतरले की आणखी उतरतो, आणि १९९०च्या दशकात कर्ज घेतलेल्यांच्या बाबतीत २०००नंतर नेमके तेच झाले. महाग किमतीचा भार मात्र आधी स्वतःजवळच्या रकमेवर पडतो. ती रक्कम पहिल्याच दिवशी रोख लागते, आणि ती नसेल तर हप्ता भरण्याची ऐपत असूनही दार उघडत नाही. दोन पिढ्यांमधला कळीचा फरक इथे आहे.

जमिनीचे काय झाले

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो अनेकदा लिहिला गेला आहे. मुंबईतील ५८ गिरण्यांकडे मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण संस्थेला आणि उरलेला भाग मालकाला जाणार होता. २००१ साली या नियमात बदल झाला आणि हे वाटप गिरणीच्या संपूर्ण जमिनीऐवजी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरते उरले. गिरणीची बहुतेक जमीन शेडखाली असते, त्यामुळे घरांसाठी आणि मैदानांसाठी फारच थोडे शिल्लक राहिले. उच्च न्यायालयाने २००५ साली कामगारांच्या आणि शहराच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. माझ्या मते गिरणगावातील तिसऱ्या पिढीच्या घराचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथेच निकालात निघाला. नंतर जे झाले ती उरल्यासुरल्याची वाटणी होती.

त्या जमिनीची किंमत काय वेगाने चढली ते एका उदाहरणावरून दिसते. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे सतरा एकर जमीन २००५ साली डीएलएफ या बांधकाम कंपनीला ७०२ कोटी रुपयांना विकली आणि २०१२ साली तीच जमीन लोढा समूहाने सुमारे २,७०० कोटी रुपयांना घेतली. सात वर्षांत जवळजवळ चौपट. त्याच २०१२ सालच्या जूनमध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. २२५ चौरस फुटांच्या त्या घराची किंमत कामगारासाठी साडेसात लाख रुपये ठेवलेली होती. ही घरेही सरकारने आपणहून दिलेली नाहीत. १९८९ साली उभ्या राहिलेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने आणि दत्ता इस्वलकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी अनेक वर्षे उपोषणे, मोर्चे आणि न्यायालयीन लढाई केली, तेव्हा ती पदरात पडली.

एका खात्यातले तिघे

आता तीन कामगार कल्पनेने घेऊ. तिघे एकाच गिरणीत, एकाच साचेखात्यात (विणकामाच्या विभागात), जवळपास सारख्या पगारावर आहेत आणि तिघांचेही नाव १ जानेवारी १९८२ रोजी हजेरीपटावर आहे, कारण गिरणी कामगारांच्या घरासाठी पात्रतेची तारीख तीच आहे. त्यांच्या नातवंडांत जो फरक पडला आहे तो आजोबांच्या पगारामुळे पडलेला नाही, आणि नातवंडांच्या कर्तबगारीमुळेही नाही.

पहिला कामगार वरळीच्या बीडीडी चाळीत राहत होता आणि संपाच्या काळात कसेबसे निभावून त्याने खोली सोडली नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून या २०७ चाळी. पहिल्या तीन ठिकाणच्या पुनर्विकासाचे काम २०१७ साली सुरू झाले आणि वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, आणि तेही विनामूल्य. त्या भागातील नव्या इमारतीत चटई क्षेत्राचा दर चौरस फुटाला ३५ हजार रुपये धरला, आणि मनोऱ्यांत तो याहून बराच चढा असतो, तर या घराची किंमत पावणेदोन कोटी रुपये होते.

दुसऱ्याने लालबागची खोली १९८०च्या दशकात पागडीने दिली आणि तो डोंबिवलीला गेला, पण त्याने गिरणीचे कागद जपून ठेवले आणि सोडतीत त्याचा नंबर लागला. त्याच्या वारसाला गिरणीच्याच जागेवर २२५ चौरस फूट मिळाले. नंतरच्या सोडतींत या घराची किंमत साडेनऊ लाख रुपये झाली. वरच्याच दराने बाजारात ते पावणेएकोणऐंशी लाखांचे होते. म्हणजे एका सोडतीने या कुटुंबाला सुमारे ६९ लाख रुपयांचा फरक मिळवून दिला. नव्वद टक्के कर्ज काढले तरी वीस वर्षांच्या मुदतीला महिना साडेसात हजारांच्या आत हप्ता येतो, आणि तेवढा तर लहानशा नोकरीतही भरता येतो.

तिसऱ्यानेही खोली विकली, त्याच्याकडेही कागद आहेत, अर्जही केलेला आहे, पण नंबर लागलेला नाही. असे कामगार सर्वांत जास्त आहेत. घरांसाठी पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले, आणि २०१२ ते २०२०मधल्या सोडतींत मिळून १५,८७० घरे निघाली. त्यातली २,४१७ घरे गिरणगावात नव्हे तर पनवेलजवळच्या कोन येथे होती, आणि २०१६च्या सोडतीत नंबर लागलेल्या कुटुंबांना त्यांचा ताबा मिळायला कित्येक वर्षे लागली.

कागदांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या प्रकरणात घराची किल्ली म्हणजे प्रत्यक्षात कागद आहे. तिकीट नंबर, म्हणजे कामगाराचा गिरणीतील क्रमांक, असलेले ओळखपत्र, लाल पास, सेवा प्रमाणपत्र, हजेरीपत्रक, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, राज्य कामगार विम्याचे कार्ड, उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) आदेश, असे पुरावे मागितले जातात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी रोज खिशात वागवलेला, कडा दुमडलेला, घामाने शाई फिकटलेला कार्डाचा तुकडा कुणी ट्रंकेत देवाच्या फोटोमागे ठेवला, कुणाचा २६ जुलै २००५च्या पुरात भिजून गेला, कुणी गिरणी परत उघडायची नाही असे कळल्यावर रागाने फाडून टाकला. कामगार हयात नसेल तर आधी पत्नी आणि नंतर इतर वारस येतात, आणि एकापेक्षा जास्त वारस असतील तर बाकीच्यांची ना-हरकत लागते. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीला चाळीच्या भाडेहक्कात काही मिळत नाही, कारण तो हक्क सोबत राहणाऱ्याकडे जातो. गिरणीच्या घरासाठी मात्र तिची सही लागते. पुष्कळ घरांत ही सही प्रेमाने झाली आणि काही घरांत भावाबहिणींचे बोलणे बंद झाले. घराची ऐपत वारशावर टेकली की घरातल्या घरात हिस्सेदारीचा प्रश्न असा उभा राहणारच.

नातवाचा स्वतःचा हिशेब

समजा, तिसऱ्या कामगाराचा नातू आणि त्याची पत्नी दोघेही नोकरी करतात आणि त्यांच्या हातात मिळून महिन्याला एक लाख रुपये येतात. चाळीतल्या कोणत्याही मोजपट्टीने हे सुखवस्तू जोडपे आहे. बँकेने त्यांच्या उत्पन्नाचा निम्मा भाग हप्त्यासाठी धरला तर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी त्यांना सुमारे साडेसत्तावन्न लाखांचे कर्ज मिळते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते, म्हणून त्यांची मर्यादा ७२ लाखांचे घर ही झाली. त्यासाठी स्वतःचे साडेचौदा लाख रुपये, सहा टक्के मुद्रांक शुल्काचे सव्वाचार लाखांवर आणि नोंदणीचे तीस हजार, असे एकोणीस-वीस लाख रुपये आधी जवळ हवेत. घरभाडे भरत, मुलाची शाळा आणि आईवडिलांचे औषधपाणी सांभाळत ते साठवायचे आहेत.

आणि ७२ लाखांत गिरणगाव येत नाही. तिथे ४०० चौरस फुटांचे घर आपण धरलेल्या दराने एक कोटी चाळीस लाखांचे. ७५ लाखांवरील कर्जात मर्यादा पंचाहत्तर टक्के, म्हणजे कर्ज एक कोटी पाच लाख आणि हप्ता ९१ हजार रुपये. मुद्रांक शुल्क धरून जवळचे पैसे लागतात सुमारे ४४ लाख. दोघांचा जवळजवळ सगळा पगार हप्त्यात गेला तरी ४४ लाखांचा प्रश्न उरतोच, आणि ते ४४ लाख कोणाकडे असतात? ज्याच्या वडिलांनी डोंबिवलीचे घर वेळेत विकले त्याच्याकडे, किंवा ज्याच्या आईच्या नावावर सोडतीचे घर आहे त्याच्याकडे.

म्हाडाच्या सर्वसाधारण सोडतीकडे वळावे तर तिथे पगार आणि घर यांची गाठ अजून पडते, पण अरुंद जागी पडते. २०२३च्या मुंबईच्या सोडतीत ४,०८२ घरांसाठी एक लाखाहून जास्त अर्ज आले. त्यात पहाडी गोरेगाव येथील अत्यल्प उत्पन्न गटाचे घर ३० लाख ४४ हजारांना होते. वर्षाला सहा लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला नव्वद टक्के कर्जावर त्याचा हप्ता २४ हजारांच्या आसपास, म्हणजे मर्यादेवरच्या कुटुंबाच्याही निम्म्या उत्पन्नाइतका येतो. आपले जोडपे मात्र मध्यम उत्पन्न गटाच्या बारा लाखांच्या सीमारेषेवर आहे आणि त्या गटासाठी त्या वर्षी दीडशेहूनही कमी घरे होती. त्याच सोडतीत ताडदेवच्या एका मनोऱ्यातील घरांची किंमत साडेसात कोटींच्या वर होती. सार्वजनिक संस्थेच्या सोडतीत असे घर असावे याचे तांत्रिक कारण पुनर्विकासातून मिळणाऱ्या हिश्श्यात आहे, हे मला कळते. पण परळच्या नातवाच्या दृष्टीने त्या घराचा उपयोग शून्य आहे.

‘मग लांब घ्यावे, आम्ही नाही का डोंबिवलीला गेलो?’ असे मधल्या पिढीतील अनेक जण विचारतात, आणि प्रश्न प्रामाणिक असतो. आज तो प्रश्न सरकारनेच धोरण म्हणून पुढे ठेवला आहे. उरलेल्या गिरणी कामगारांसाठी बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या वाटेवरच्या वांगणी आणि शेलू येथे सुमारे ८१ हजार घरे बांधण्याची योजना आहे आणि कामगाराने भरायची किंमत पुन्हा साडेनऊ लाखच आहे. जुलै २०२५मध्ये कामगार आणि वारस आझाद मैदानात जमले ते घरे मुंबईतच हवीत म्हणून. त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. गिरणगावातील साडेनऊ लाखांचे घर आणि वांगणीतील साडेनऊ लाखांचे घर यांची कागदावरची किंमत एक असली तरी पहिल्यात बाजारभावाचा साठ-सत्तर लाखांचा फरक कामगाराच्या पदरात पडतो आणि दुसऱ्यात तो नाममात्र आहे. शिवाय बाप डोंबिवलीला गेला तेव्हा त्याच्या मागे परळची खोली किंवा तिचे पैसे होते. नातू वांगणीला जाईल तो रोजचे तीन तास लोकलमध्ये घालवायला जाईल, आणि आजोबांचा हक्क त्या व्यवहारात कायमचा वापरला गेलेला असेल.

हा हक्क एकदाच वापरता येतो ही गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. संपाच्या वर्षी वीस वर्षांचा असलेला सर्वांत तरुण कामगारही आता साठी ओलांडून गेला आहे. बीडीडीतील ५०० चौरस फूट असोत की सोडतीतील २२५, घर एकच मिळाले आहे आणि त्यावर मुलगा, मुलगी आणि त्यांची मुले एवढ्या सगळ्यांची नजर आहे. ५०० चौरस फुटांत दोन भावांचे संसार काही काळ निभतील. २२५ चौरस फुटांत एकाला बाहेर पडावेच लागेल, आणि बाहेर पडणाऱ्याला त्याचा हिस्सा रोखीने द्यायचा तर ते घर विकावे लागेल. विकलेल्या घराच्या निम्म्या पैशांत दोघांपैकी कोणालाही गिरणगावात परत घर घेता येणार नाही.